सबसिडीच्या फायलीतलं माझं नाव

2018च्या जानेवारीत बदलापूरला वन बीएचके बुक केला, तेव्हा बिल्डरच्या ऑफिसात भिंतभर बोर्ड लावलेला होता: '2.67 लाखांची सरकारी सबसिडी'. तिथला मुलगा म्हणाला, "ताई, ती आपोआप जमा होते, तुम्हाला काही करावं लागत नाही." आमची जमा झाली ती पुढच्या वर्षीच्या जानेवारीत, आणि आपोआप तर मुळीच नाही.

हे अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला, पगार 24 हजार. मी कल्याणला पॅथॉलॉजी लॅबमध्ये, 16 हजार. दोघांचं मिळून वर्षाला 4 लाख 80 हजार. प्रधानमंत्री आवास योजनेच्या हिशेबात 3 लाखांपर्यंत आर्थिक दुर्बल गट, 3 ते 6 लाख अल्प उत्पन्न गट, आम्ही दुसऱ्यात. दोन्ही गटांना कर्जाच्या पहिल्या 6 लाखांवर साडेसहा टक्के व्याजाची सवलत होती, जास्तीत जास्त वीस वर्षांसाठी. ही सवलत दर महिन्याला मिळत नव्हती. वीस वर्षांत मिळून जेवढी होईल तिचं आजचं मूल्य 9 टक्के दराने काढायचे आणि ती रक्कम एकदम कर्जखात्यात टाकायचे. बोर्डावरचा आकडा तिथून आलेला, नेमका सांगायचा तर 2,67,280 रुपये. आमचं कर्ज 14 लाखांचं, म्हणजे वरच्या 8 लाखांना काहीच नाही. तरी ही रक्कम म्हणजे माझा दीड वर्षाचा जवळजवळ पूर्ण पगार होता.

बँकेत पहिल्याच दिवशी साहेबांनी विचारलं, "गावाला घर आहे का?" ह्यांनी हो म्हटलं. "मग तुम्हाला नाही मिळणार." विषय संपला. आम्ही दोघं बाहेर येऊन चहाच्या टपरीवर काही न बोलता उभे राहिलो.

रात्री मी मोबाइलवर योजनेची मार्गदर्शक सूचना शोधून ओळ न् ओळ वाचली. देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नको, हे खरंच. पण कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. जुन्नरकडचं घर सासऱ्यांच्या नावावर आहे. अण्णांना फोन केला, तर ते तिसऱ्या दिवशी स्वतःच एसटीने आले. प्लास्टिकच्या पिशवीत ग्रामपंचायतीचा नमुना 8चा उतारा, त्यावर ग्रामसेवकाचा शिक्का अजून ओलसर वाटावा इतका ताजा, आणि उगाच लागला तर म्हणून रेशनकार्डही. तो उतारा आणि सूचनेचं ते पान समोर ठेवल्यावर साहेबांनी अर्ज घेतला. आमच्या नावावर पक्कं घर नाही, असं प्रतिज्ञापत्र वेगळं द्यावं लागलं. त्या दिवशी आम्ही तसेच परत आलो असतो तर? किती जण तसे परत गेले असतील, हे आजही माझ्या मनातून जात नाही.

मग करारनामा. मसुद्यात घेणार म्हणून फक्त ह्यांचं नाव होतं. वकिलांचा छापील नमुना तसाच असतो, आणि कोणी विचारत नाही. पण या दोन्ही गटांत नवीन घर घ्यायचं तर ते घरातल्या बाईच्या नावावर किंवा तिच्यासोबत संयुक्त नावावर हवं, ही अट होती. मी सांगितलं, माझं नाव घाला, आणि ह्यांनीही लगेच मान्य केलं. आमच्याकडे आईच्या नावावर कधी काही नव्हतं, आजीच्या तर नाहीच. सरकारने सवलत द्यायची म्हणून का होईना ही अट घातली, याबद्दल मला मनापासून बरं वाटतं.

नाव घातलं, पण कुठलं? आधारवर माझं माहेरचं नाव, पॅनवर माहेरचं, करारनाम्यात सासरचं. नोंदणी झाली, नोंदणीचा उतारा, म्हणजे इंडेक्स टू, हातात आला, मार्चमध्ये कर्जही सुटलं. कोणी काही बोललं नाही.

जूनमध्ये बँकेत विचारलं, "वर पाठवलंय." ऑगस्टमध्येही तेच. सप्टेंबरमध्ये लॅबमधल्या मॅडमनी सांगितलं, की अर्ज बँक भरते खरी, पण दावा केंद्राने त्यासाठी नेमलेल्या नॅशनल हाउसिंग बँकेकडे किंवा हुडकोकडे जातो आणि पैसे तिथून येतात. त्यांना थेट विचार. आमची बँक नॅशनल हाउसिंग बँकेशी जोडलेली होती. दुपारच्या सुट्टीत त्यांच्या टोल फ्री नंबरवर फोन लावला. पलीकडच्या बाईंनी आधार क्रमांक विचारला, थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "या क्रमांकावर कुठलाच दावा आलेला नाही."

सहा महिने फाईल टेबलावरून हललीच नव्हती. मी दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून बँकेत गेले आणि फाईल माझ्यासमोर काढायला लावली. वरच पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती, पेन्सिलने लिहिलेली: 'को-ओनर नेम मिसमॅच'. एवढं एक वाक्य फोनवर सांगितलं असतं तर! मी त्या दिवशी आवाज चढवला, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

राजपत्रात नाव बदलाची जाहिरात दिली, त्यावरून आधार आणि पॅन दुरुस्त केलं. ऑक्टोबर संपता संपता दावा वर गेला. यावेळी मी पाठवल्याचा दिनांक लिहून घेतला आणि दर पंधरा दिवसांनी दोन्हीकडे फोन केला.

जानेवारीत मेसेज आला, 2 लाख 67 हजार 280 जमा. त्याच महिन्यात बँकेने हप्ता 12,150 वरून साधारण 9,800 वर आणला. नियमाप्रमाणे बरोबरच आहे. पण आम्ही रात्री वहीत हिशेब मांडला: तेव्हाच्या साडेआठ टक्क्यांनी जुनाच हप्ता चालू ठेवला, तर वीस वर्षांचं कर्ज साधारण तेरा वर्षांत फिटतं. सोमवारी लेखी अर्ज दिला, हप्ता पूर्वीइतकाच ठेवा. दर महिन्याला 2,350 रुपये हातात राहिले असते, आणि मुलाच्या शाळेची फी होतीच. तरी हात आखडून आम्ही ते सोडले.

आमच्या गटांसाठी ती जुनी योजना मार्च 2022ला बंद झाली. आता भाऊ घर बघतोय, त्याच्यासाठी योजनेचा दुसरा टप्पा आहे, 1 सप्टेंबर 2024पासूनच्या कर्जांना. उत्पन्नाची मर्यादा 9 लाख, घर 35 लाखांपर्यंतचं, कर्ज 25 लाखांपर्यंत, त्यातल्या पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के सवलत. जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार, तेही एकदम नाही, पाच वार्षिक हप्त्यांत. म्हणजे त्याला पाच वर्षं लक्ष ठेवावं लागणार. रविवारी तो आणि वहिनी आले होते. फ्लॅटचे फोटो नंतर बघू म्हटलं, आधी वहिनीचं आधार आणि पॅन मागितलं आणि दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर जुळवलं. आधारवर आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त निघाला. सोमवारीच ती आधार केंद्रावर जाणार आहे.