तुम्ही विचारलंत म्हणून: रोमनांनी सोन्याची नाणी पाडली तरी किती?

नाण्यांवर बोलायला कुठेही गेलो की शेवटी एक हात वर होतोच. "सर, ते सगळं ठीक, पण रोमन लोकांनी सोन्याची नाणी एकूण पाडली तरी किती?" माझी सगळी नोकरी संख्याशास्त्र शिकवण्यात गेली, नाण्यांचा नाद नंतरचा. त्यामुळे लोकांना वाटतं, या माणसाच्या खिशात आकडा तयार असणार. नसतो. का नसतो, हे दर वेळी दोन मिनिटांत सांगून वेळ मारून नेतो. आज जरा सविस्तर सांगतो.

रोमच्या टाकसाळीच्या हिशेबवह्या आपल्यापर्यंत पोचलेल्या नाहीत. पोचलेत ते जुन्या लेखकांचे आकडे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहितो की स्पेन-पोर्तुगालच्या वायव्य भागातून वर्षाला २०,००० रोमन पौंड सोनं निघतं. नीरो बादशहाने इसवी सन ६४ च्या सुमारास नाण्याचं वजन उतरवलं. त्यानंतर एका पौंडात ४५ ऑरियस, म्हणजे रोमची सोन्याची नाणी, बसत, म्हणजे एक नाणं साधारण ७.३ ग्रॅमचं. गुणाकार करा: वर्षाला ९ लाख नाणी. हाच प्लिनी दुसरीकडे कुरकुर करतो की एकटा हिंदुस्थान दरसाल ५ कोटी सेस्टर्स (रोमचं हलक्या किमतीचं नाणं) ओढून नेतो. १०० सेस्टर्सचा एक ऑरियस, म्हणजे ५ लाख ऑरियस. म्हणजे खाणीतलं निम्म्याहून जास्त सोनं आपल्या मिऱ्यांपायी गेलं! ऐकायला छान वाटतं, टाळ्याही मिळतात. पण खणलेलं सगळं सोनं नाण्यांत जात नव्हतं, आणि व्यापारातली सगळी रक्कम सोन्यात चुकती होत नव्हती. शिवाय, परदेशी चैनीवर चिडलेल्या माणसाने सांगितलेला आकडा जरा जपूनच घ्यावा.

म्हणून अभ्यासक वळले ठशांकडे. नाणं हाताने पाडत. खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवलेला, त्यावर सोन्याची चकती, वर दुसरा ठसा, आणि त्यावर हातोडा. वरचा ठसा थेट मार खातो, त्यामुळे लवकर फुटतो. खालचा, म्हणजे बहुतेक वेळा बादशहाच्या चेहऱ्याचा, जास्त टिकतो, म्हणून मोजायचा तो. प्रत्येक ठसा हाताने कोरलेला. कुठे नाकाचा शेंडा थोडा वर, कुठे एखादं अक्षर कलंडलेलं. एका ठशाची नाणी एकमेकांशी तंतोतंत जुळतात.

गणपतीत घरोघरचे खव्याचे मोदक समोर येतात तेव्हा मला हेच आठवतं. एका मोदकाची तिसरी पाकळी दबलेली, दुसऱ्या घरून आलेल्याचीही तिसरीच दबलेली. दोन्ही एकाच हलवायाच्या एकाच साच्यातले. असे शंभर-दोनशे मोदक पाहिले की त्या दुकानात साचे किती असतील, हे बरंचसं सांगता येतं, दुकानात पाऊल न टाकता.

कसं, ते संख्याशास्त्र सांगतं. समजा २०० नाणी तपासली आणि त्यांत १० ठसे असे निघाले की ज्यांचं एकेकच नाणं सापडलं. मग पुढचं नाणं आजवर न दिसलेल्या ठशाचं निघण्याची शक्यता साधारण १० भागिले २००, म्हणजे ५ टक्के. एकटे जितके जास्त, तितकं न पाहिलेलं जास्त. ही युक्ती मूळ अॅलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञाची, दुसऱ्या महायुद्धातल्या संकेतलिपी फोडण्याच्या कामातली. त्याचे सहकारी आय. जे. गुड यांनी ती १९५३ मध्ये मांडली. जर्मनांचे संदेश फोडताना सुचलेलं गणित रोमच्या टाकसाळीला लागू पडतं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

आता माझी फजिती. सुरुवातीला मी लिलावांच्या कॅटलॉगमधले फोटो जमवून ठसे जुळवायचो. जुळणाऱ्या जोड्या भराभर मिळत गेल्या, एकटे कमी झाले आणि ठशांचा अंदाज खाली आला. मी खूश. मग एका रात्री लक्षात आलं की एका जोडीतल्या दोन्ही नाण्यांच्या कडेला अगदी त्याच जागी तोच ओरखडा आहे. दोन नाणी नव्हतीच ती. एकच नाणं काही वर्षांच्या अंतराने दोनदा विकलं गेलं होतं. महिनाभर बसून यादी पुन्हा चाळली, तेव्हा अशी बरीच 'जुळी' निघाली. बायको म्हणाली, "मुलांच्या पेपरांतली कॉपी बरी पकडायचात की!"

ठशांची संख्या एवढी कष्टाने मिळते, आणि खरी अडचण त्यानंतर येते: एका ठशातून नाणी किती पडली? पुस्तकांत ३०,००० हा आकडा वारंवार भेटतो. त्याचा आधार बराचसा ग्रीसमधल्या डेल्फीच्या शिलालेखांवरचे हिशेब. तिथे इसवी सन पूर्व चौथ्या शतकात पाडलेल्या चांदीच्या नाण्यांवरून दर दर्शनी, म्हणजे चेहऱ्याच्या, ठशामागे २३ हजार ते ४७ हजार असा अंदाज निघतो. म्हणजे आधार ग्रीकांचा, धातू चांदी, काळ कित्येक शतकं आधीचा, आणि त्यातही दुपटीचा फरक. शिवाय ठसा झिजेपर्यंत वापरलाच पाहिजे असं कुठे आहे? ट्रेजन बादशहा इसवी सन ११२ मध्ये सहाव्यांदा कॉन्सल (रोममधलं मानाचं सर्वोच्च पद) झाला, त्या दिवशी 'पाचव्यांदा कॉन्सल' असं कोरलेला धडधाकट ठसाही निकामी ठरला. टी. व्ही. बट्रे या नाणेतज्ज्ञाने १९९० च्या दशकात 'ठसे गुणिले ३०,०००' या गुणाकाराचे वाभाडेच काढले. मला त्याचं बरंचसं पटतं.

तरीही ठसे मोजायला मी फुकटचा उद्योग म्हणत नाही. ट्रेजनच्याच डेशिया-विजयाचं (डेशिया म्हणजे साधारण आजचा रोमानिया) घ्या. जॉन लायडस या नंतरच्या लेखकाने दिलेला आकडा आहे लुटीतल्या ५० लाख पौंड सोन्याचा. फ्रेंच इतिहासकार कार्कोपिनो म्हणाला, नकलून घेताना आकडा दसपट फुगला, ५ लाख असणार. ५ लाख पौंडांची नाणी पाडली तर सव्वादोन कोटी ऑरियस, आणि ठशाला ३०,००० धरले तर ७५० ठसे. ५० लाख पौंड म्हटलं तर ७,५००. समजा, त्या काळातली कुठलीही २०० नाणी समोर घेतली. ठसे साडेसात हजार असते तर जेमतेम दोन-तीन जोड्या जुळतील, ७५० असते तर पंचविसाच्या आसपास. हा फरक चहा पिता पिता दिसतो. ३०,००० हा आकडा दुपटीने चुकला तरी दसपटीची थाप लपत नाही. आकडा ठरवायला नव्हे, आकडा पकडायला ठसे उपयोगी पडतात.

"मग आज सापडतात त्यावरून काढा ना," असंही कुणीतरी म्हणतं. १९९३ मध्ये जर्मनीत ट्रिअरला बांधकामाच्या खोदकामात अडीच हजारांवर ऑरियस निघाले, साडेअठरा किलो सोनं. आपल्याकडे १८९८ मध्ये तमिळनाडूत पुदुकोट्टईजवळ ५०१ मिळाले, त्यांतल्या बहुतेकांवर बादशहाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव. पुरलेलं राहून गेलं तेवढंच आपण पाहतो. बाकीचं मोडलं गेलं. माझ्या आजीची पुतळ्यांची माळ होती. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं. आत्याच्या लग्नात ती मोडून पाटल्या केल्या, पाटल्या मोडून पुढे आणखी काही. सराफाच्या मुशीत व्हेनिस काय नि रोम काय. त्या माळेत किती पुतळ्या होत्या, हे मोडणाऱ्यांनाही नीट आठवत नव्हतं.

तर, किती पाडली? ठसे किती ते मी थोड्या भरवशाने सांगू शकतो. नाणी म्हणाल तर लाखांत की कोटींत, एवढंच, आणि तेही एकेका बादशहापुरतं. परवा ट्रेजनच्या यादीत एक फोटो आला. हनुवटीखाली बारीकशी भेग, माझ्याकडच्या एकाही ठशाशी जुळेना. कडेचे ओरखडे दोनदा तपासले, जुना ओळखीचा नव्हता. एकट्यांच्या रकान्यात एक वाढवला आणि अंदाज पुन्हा वर सरकला.