अंड्याचे आप्पे आणि ५८ चा आकडा

मी डाएटिशियन आहे, मिरजेत. शुगरवाल्यांना घरच्या घरी जमेल असं काय करून खायचं हे शिकवायला अधूनमधून आसपासच्या गावांत जाते. २०२४ ला मधुमेह दिन, १४ नोव्हेंबर, नेमका गुरुवारी आला. गुरुवारी अंडं म्हटलं की निम्मे लोक उठून जाणार, म्हणून कार्यक्रम रविवारवर ढकलला.

समाजमंदिरात गॅस मांडला, दोन ट्रे अंडी, पालक, सिमला मिरची, कांदा आणि माझं बिडाचं आप्पेपात्र. अंड्याचे आप्पे हा आपला हुकमी एक्का. चार अंडी फेटायची, त्यात बारीक चिरलेली भाजी, हळद, मिरची, मीठ शेवटी टाकायचं नाहीतर भाजीला पाणी सुटतं. खळग्यात दोन-दोन थेंब तेल, झाकण, बारीक गॅस. झाकण काढलं की टम्म फुगलेले असतात आणि गॅस बंद केला की मिनिटात खाली बसतात, हे आधीच सांगून ठेवावं लागतं नाहीतर "म्याडम, बिघडलं की ओ" ठरलेलं.

मी तोंडाची टकळी चालू ठेवलेली, एका अंड्यात कार्ब, म्हणजे ज्यानं शुगर वाढते तो पिष्ट-साखरेचा भाग, एक ग्रॅमसुद्धा नाही, प्रोटीन सहाएक ग्रॅम, आणि मोठी प्लेट पोहे खाल्ले तर सहज ४०-४५ ग्रॅम कार्ब. लोक माना डोलवतायत. पुढच्या रांगेत साठीतले एक काका, त्यांना पहिली डिश दिली तर ताटलीत चमचा टकटक वाजायला लागला. मला वाटलं वयाचं असेल. मग बघते तर कपाळावर घाम, नोव्हेंबरात, आणि शेजारच्यावर उगाच खेकसतायत.

शुगर मोजायचा मीटर होताच जवळ. ५८.

रक्तातली शुगर ७० च्या खाली गेली की थांबायचं नसतं, लगेच साखर द्यायची. चहासाठी आणलेली साखर होती, तीन चमचे पाण्यात ढवळून दिली. तर काका पेला ढकलतायत! "मला शुगर हाय आन् तुमी साखर पाजताय व्हय?" त्यांचं काय चुकलं, दहा मिनिटांपूर्वी मीच साखरेच्या नावानं बोटं मोडत होते. शेवटी काकूंनी दम दिला तेव्हा प्याले. पंधरा मिनिटांनी ८४, मग लगेच कुणाच्या तरी घरून आणलेली अर्धी भाकरी खायला घातली, कारण गोळीचा जोर अजून शिल्लक असतो, शुगर परत घसरू शकते.

मग काकूंनी उलगडा केला. व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवलेलं वाचून काकांनी तीन दिवस भाकरी बंद केलेली, सकाळी नुसती दोन उकडलेली अंडी. आणि गोळी मात्र नेहमीची, साडेसातला. पिशवीतनं पाकीट काढलं तर ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली. नुसत्या मेटफॉर्मिननं सहसा एवढी खाली येत नाही, पण ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला शुगर उतरवणारं इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात भाकरी असो नसो. दोन भाकरींच्या हिशोबानं दिलेला डोस, आणि भाकरीच गायब.

खरं सांगू का, त्या दिवशी मी स्वतःवरच चिडले. हॉलमध्ये पन्नास माणसं, आणि अंडं फोडायच्या आधी मी एकालाही विचारलं नव्हतं की गोळी कुठली चालू आहे, इन्सुलिन कोण घेतं. कांदा किती बारीक चिरायचा ते मात्र दोनदा सांगितलं. उरलेले आप्पे तसेच ठेवले आणि पुढचा तासभर प्रत्येकाच्या गोळ्यांची पाकिटं बघत बसले.

काकांना दुसऱ्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी डोस कमी केला. महिन्याभरानं काकूंचा फोन आला, आता सकाळी एक भाकरी आणि दोन अंड्यांचं काहीतरी असं बसलंय म्हणे. काकू माळकरी, अंड्याला हात लावत नाहीत, त्यामुळे काकांनी स्वतःचं वेगळं आप्पेपात्र आणलंय आणि मागच्या दारी चुलीवर स्वतःच करतात, गुरुवार सोडून. पहिली खेप पार करपवली म्हणे, पण टाकू दिली नाही.