शिरोलीच्या कारखान्याला बिल लावताना: माझा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांना (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांना) मी पॅटर्नची (साच्यासाठीच्या नमुन्याची), फिक्श्चरची (भाग पकडून ठेवणाऱ्या साधनाची) कॅड, म्हणजे संगणकावरची, ड्रॉइंग करून देतो. तिथं ड्रॉइंग पास करणारा इंजिनिअर वेगळा आणि बिल पास करणारा वेगळा. दुसऱ्याला ड्रॉइंग कळायची गरजच नसते. त्याच्या टेबलावर कारखान्याचा पीओ (पर्चेस ऑर्डर, म्हणजे कामाची लेखी ऑर्डर) आणि आपलं बिल असतं. दोन्ही जुळतात का, एवढंच तो बघतो. सुरुवातीला माझी बिलं अडकली ती बहुतेक इथंच.

त्यामुळं बिल करायला बसलो की आधी पीओ उघडतो. पीओ नंबर, तारीख, व्हेंडर कोड (कारखान्यानं आपल्याला दिलेला नंबर), आणि कामाचं वर्णन अगदी त्यांच्याच शब्दांत. पीओवर ‘डिझाइन चार्जेस, ४ नग’ असेल आणि आपण ‘कॅड ड्रॉइंगचं काम, एकरकमी’ लिहिलं, तर रक्कम तीच असूनही बिल होल्डवर जातं. मधे इंजिनिअरनं दोन बदल वाढवून घेतले असतील, तर त्यांचे पैसे परस्पर बिलात घालू नयेत. आधी पीओची अमेंडमेंट (लेखी दुरुस्ती) मागायची. ‘द्या की घालून’ असं तोंडी सांगणारा माणूस अकाउंट्समध्ये आपल्या बाजूनं उभा राहत नाही.

जीएसटीचं म्हणाल तर फक्त सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. तोवर साधं बिल द्यायचं, त्यावर जीएसटी लावायचा नाही. नोंदणी नसताना कर घेणं बेकायदा आहे. निपाणी-बेळगावची पार्टी असली तरी सेवेला हीच मर्यादा चालते. पण ड्रॉइंगसोबत लाकडी पॅटर्नही बनवून कर्नाटकात विकायचा असेल तर तो माल झाला, आणि परराज्यात माल विकायला पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. कर्नाटकच्या हद्दीवरचा कोगनोळी नाका इथून जवळ आहे म्हणून हे विसरायला होतं.

नोंदणी झाली की कागदावर ‘टॅक्स इन्व्हॉइस’ लिहायचं. बिल नंबर सलग, जास्तीत जास्त १६ अक्षरांचा, आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा. माझा नंबर ‘के/२५-२६/०१४’ असा असतो. १ एप्रिलला मालिका नवी. चुकलेलं बिल फाडून तोच नंबर दुसऱ्या पार्टीला देऊ नये. रद्द नंबर जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या रिटर्नमध्ये) दाखवावे लागतात. शिवाय दोघांचा पत्ता आणि जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), एसएसी कोड (सेवेचा प्रकार सांगणारा; माझ्या कामाला ९९८३), कराआधीची रक्कम, दर, कर वेगळा, आणि सही.

पार्टीच्या जीएसटीआयएनचे पहिले दोन आकडे नीट बघा. २७ म्हणजे महाराष्ट्र: सीजीएसटी (केंद्राचा) ९ आणि एसजीएसटी (राज्याचा) ९ टक्के. २९ म्हणजे कर्नाटक: आयजीएसटी (आंतरराज्य) १८ टक्के. कारखाना कागलला आणि हेड ऑफिस बेंगळुरूला असेल तर पीओवर जो नंबर छापलाय तोच घ्यायचा, व्हिजिटिंग कार्डावरचा नाही.

आकडेमोड अशी: काम २०,०००, जीएसटी ३,६००, बिल २३,६००. टीडीएस (पार्टी आपल्या नावानं आधीच कापून भरते तो आयकर) १० टक्क्यांनी फक्त २०,००० वर, म्हणजे २,००० कापून बँकेत २१,६०० येतात. कर वेगळा न दाखवता ‘सर्व मिळून २३,६००’ लिहिलं, तर कपात २,३६० होते. एका पार्टीकडून वर्षाची रक्कम ५०,००० च्या आत असेल तर कपात नाही. कापलेले पैसे आपल्या पॅनवर दिसतात का, ते दर तिमाहीला बघावं; वर्षाच्या शेवटी भांडण्यात अर्थ नसतो.

सगळ्यात जाचक गोष्ट ही, की पैसे आले नाहीत तरी बिलावरचा जीएसटी आपल्याला भरावा लागतो. म्हणून मी आधी प्रोफॉर्मा (बिलाचा मसुदा) पाठवतो, त्यावर होकार आला की बिल. मात्र सेवा पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांच्या आत बिल निघालंच पाहिजे. तिमाही रिटर्न भरणाऱ्यांनी पहिल्या दोन महिन्यांची बिलं पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत आयएफएफमध्ये (जीएसटी पोर्टलवर मधल्या महिन्यांची बिलं चढवायच्या सोयीत) चढवावीत. नाही चढवली तर पार्टीच्या २बीमध्ये (तिला मिळणाऱ्या कर-क्रेडिटच्या यादीत) ती तिमाही संपेपर्यंत दिसत नाहीत, आणि ‘क्रेडिट दिसत नाही’ म्हणून पेमेंट थांबतं. इतकं साधं कारण, पण फोनवर ते कुणी आपणहून सांगत नाही.

उद्यम नोंदणी (सरकारकडची छोट्या उद्योगांची नोंदणी) आधारवर फुकट होते. एजंटला पैसे द्यायची गरज नाही. तो नंबर बिलावर छापा. सूक्ष्म-लघु उद्योगाला लेखी करार असला तरी ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. शिवाय मुदत उलटून वर्षअखेरीपर्यंतही न दिलेली रक्कम पार्टीला आयकरात त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही, त्यामुळं मार्चमध्ये अकाउंट्सवाले स्वतः फोन करतात. दिवस मोजायला काम स्वीकारल्याची तारीख लागते, म्हणून ड्रॉइंग पास झाल्याचा इंजिनिअरचा मेल बिलासोबत जोडतो. इनवर्डला (आलेले कागद घेणाऱ्या टेबलावर) कागदी प्रत दिली तर दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय गेटबाहेर पडत नाही.