क्वांटचं मास्टर्स निवडताना: रिपोर्टातला छेद आणि माजी विद्यार्थ्यांशी बोलणं

अमेरिकेतल्या फायनान्शियल इंजिनिअरिंगच्या, म्हणजे क्वांटच्या (गणित आणि कोडिंग वापरून वित्तक्षेत्रात काम) मास्टर्ससाठी अर्ज करताय? मग रँकिंगपेक्षा प्लेसमेंट रिपोर्टला वेळ द्या. सरासरी पगार ठळक छापलेला असतो, तुम्ही छेद बघा, म्हणजे टक्केवारी किती जणांपैकी काढली ते: ९५ टक्क्यांना नोकरी म्हणजे सगळ्या वर्गातले, की फक्त 'नोकरी शोधणाऱ्यांपैकी'? पगार किती जणांनी कळवला? पदांची नावंही वाचा. मॉडेल व्हॅलिडेशन (दुसऱ्यांनी बनवलेली गणिती मॉडेल तपासणं) आणि ट्रेडिंग ही दोन वेगळी आयुष्यं आहेत.

कार्नेगी मेलन विद्यापीठाचा कोर्स १६ महिन्यांचा, मधला उन्हाळा इंटर्नशिपला मोकळा. त्या उन्हाळ्याच्या मुलाखती मात्र पहिल्याच सेमिस्टरला सुरू होतात, म्हणून प्रोबॅबिलिटी आणि पायथन इथूनच पक्कं करून जा. न्यूयॉर्कचं बरूक कॉलेज सरकारी, वर्ग लहान. कोर्स अमेरिकी सरकारच्या स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-गणित विषयांच्या) यादीत आहे ना, हेही तपासा. त्यावर ओपीटीचे (शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करायची परवानगी) १२ महिने की ३६, हे ठरतं.

माजी विद्यार्थी लिंक्डइनवर विद्यापीठाच्या पानावरच्या 'अॅल्युमनाय' टॅबमध्ये सापडतात. एक ते तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेले निवडा, त्यांची माहिती ताजी असते. निरोप एवढाच: "नमस्कार, मला यंदा प्रवेश मिळालाय. तुम्ही रिस्कमधून ट्रेडिंगकडे वळलात, त्याबद्दल दोन प्रश्न आहेत. १५ मिनिटं मिळतील का?" पहिल्याच निरोपात रेफरल (त्यांच्या कंपनीत आपली शिफारस) मागितलं की उत्तर येत नाही, अनोळखी माणसासाठी कुणी आपला शब्द का टाकावा?

फोनवर विचारा: "वर्गातल्या ज्यांना नोकरी उशिरा लागली, त्यांचं कुठे अडलं?" हे कुठल्याच रिपोर्टात नसतं.