आधी कान तपासा

माझ्या पन्नाशीच्या मैत्रिणी विस्मरणाच्या भीतीने बदाम भिजत घालतात, शब्दकोडी सोडवतात. कान मात्र कुणीच तपासून घेत नाही, आणि मला त्याचीच काळजी वाटते.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) आटोक्यात आणता येतील अशी १४ कारणं दिली आहेत. ती सगळी दूर झाली तर जगभरातला जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो. त्यात सर्वांत मोठा वाटा दोन गोष्टींचा: वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल आणि कमी झालेलं ऐकू येणं. आपल्या देशात हा आजार बायकांमध्ये जास्त आढळतो. कमी शिक्षण हेही त्या यादीतलं एक कारण आहे. चौथीतून शाळा सुटलेल्या आपल्या आया-सासवांचं ते वय आता परत येणार नाही, पण कानांचं बघता येतं.

माझ्या सासूबाई भजनात टाळ धरायच्या. पेटी नीट ऐकू येईना, ठेका चुकू लागला, तशा गुडघ्याचं निमित्त करून त्या जायच्याच बंद झाल्या. घरात कुणी काही विचारलं की नुसती मान डोलवायच्या. "आता वय झालं, विसरतात," असं सगळे म्हणायचे. तपासणीत कळलं, की स, श, फ असे बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते. मिक्सर चालू असला की संपलंच. जे ऐकूच आलं नाही, ते लक्षात कसं राहणार?

कानाचं मशीन सुरुवातीला नकोसं होतं, भांड्यांचा आवाज डोक्यात जातो. दोनदा सेटिंग बदलून घेतल्यावर त्या रुळल्या, मंगळवारच्या भजनाला पुन्हा जाऊ लागल्या. माणसांत असणं हेही मेंदूचं औषधच आहे. अमेरिकेतल्या २०२३ च्या एका चाचणीत सगळ्यांचा मिळून विचार करता मशीनचा फायदा दिसला नाही, पण ज्यांना डिमेन्शियाचा धोका जास्त होता, त्यांच्या स्मरणशक्तीची आणि विचारशक्तीची घसरण तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी मंदावली.

व्यायामाचा अभाव आणि वाढलेलं बीपी हीही त्या यादीतलीच कारणं, म्हणून रोजचं चालणं हवंच. "आता बरं वाटतंय" म्हणून बीपीची गोळी बंद करणं तर अजिबात नको.

मशीन महाग असतं, हे खरं. अल्प उत्पन्न गटातल्या ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेतून ते मोफत मिळतं. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात जाऊन तेवढी चौकशी नक्की करा.