प्राइझमध्ये अडकलेला पत्ता

रविवार, रात्री उशिरा

पोकेमॉन पत्त्यांच्या स्पर्धेतला शेवटच्या फेरीतला डाव डोक्यातून जात नाही. समोरचा पोकेमॉन पाडला की आपण पालथी ठेवलेली प्राइझ उचलायची, सहाही उचलली की जिंकलो. मला दोन प्राइझ हवी होती, समोरच्याला एकच. त्याने पाच घेतलेली, म्हणजे त्याच्या प्रत्येक प्राइझमागे वाढणारा माझ्या चारिझार्ड ईएक्सचा बर्निंग डार्कनेस हल्ला 180 अधिक 150, 330 पर्यंत चढलेला. त्याच्या बेंचवर, म्हणजे मागच्या राखीव रांगेत, पाडलं की दोन प्राइझ देणारं ईएक्स बसलेलं. ते पुढे ओढलं की खेळ खलास. डेकमधला हवा तो पत्ता शोधून देणारं पिजिओट ईएक्सचं क्विक सर्च वापरून ऐटीत डेक उघडली, तर बेंचवरच्याला पुढे ओढणारं बॉसेस ऑर्डर्स नाहीच. टाकलेल्या पत्त्यांतही नाही. ते पहिल्यापासून प्राइझमध्ये पालथं पडलेलं.

नशीब म्हणावं, तर तेही नाही. 60 पत्त्यांतले 6 प्राइझमध्ये जातात, त्यामुळे एकुलता पत्ता तिथे अडकण्याची शक्यता सरळ 10 टक्के. दोन प्रती असतील तर दोन्ही अडकण्याची शक्यता 1 टक्क्याच्याही खाली. ‘पिजिओट आहे की शोधायला’ म्हणत दुसरी प्रत मीच काढली होती. पिजिओट डेकमधलं शोधतं, प्राइझमधलं थोडंच!

जास्त लागलं ते वेगळंच. डेकमधून पोकेमॉन शोधणाऱ्या दुसऱ्या अल्ट्रा बॉलसाठी दोन पत्ते टाकायचे होते, तेव्हा मी काउंटर कॅचर टाकला. तोही बेंचवरच्याला पुढे ओढतो. अट एवढीच की आपली प्राइझ जास्त उरलेली हवीत. शेवटी नेमकी तीच परिस्थिती होती. पहिल्या अल्ट्रा बॉलला अख्खी डेक डोळ्यांसमोर होती. तेव्हाच मोजलं असतं, तर कॅचर जिवापाड जपला असता. मी चारमँडर घेतला आणि पिसून मोकळा झालो.

दुसरं बॉसेस ऑर्डर्स परत घालायचं हे नक्की. काढायचं काय, यावर तासभर गेला. सुरुवात करायला लागणाऱ्या बेसिक पोकेमॉनला हात लावणार नाही. 12 बेसिक असले तरी साधारण 19 टक्के वेळा पहिल्या सात पत्त्यांत एकही येत नाही, हात पिसून नव्याने घ्यावा लागतो, आणि अशा दर मलिगनला समोरच्याला एक जादा पत्ता उचलता येतो. शेवटी एक फायर एनर्जी काढली. थोडी धाकधूक आहेच, कारण चारिझार्ड उतरताना पोकेमॉनना जोडायला डेकमध्ये तीन लागतात.

झोपण्याआधी सराव केला: सात पत्ते हातात, सहा बाजूला, डेक चाळायची, प्राइझमधली नावं वहीत लिहायची, मग उलटून बघायचं. दहातले तीन चुकले. तिन्ही वेळा एनर्जी मोजताना.