तुम्ही विचारलंत म्हणून: फळा चौकात कशाला?

"बाई, एवढी हौस आहे तर घरात क्लास काढा की. रस्त्यावर उभं राहून फळा लिहायचा नाद कशाला?" भाजी मंडईत, लग्नाच्या पंगतीत, परवा तर दवाखान्यात रक्त तपासायला हात पुढे केलेला असताना, हाच प्रश्न. विचारणाऱ्याच्या मनात खरं म्हणजे दुसराच असतो: चुकीचं लिहिलं तर सगळ्या पेठेपुढं शोभा होते, ती कशाला करून घेता?

कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमच्या बोळाच्या तोंडाला इस्त्रीचं दुकान आहे. त्याच्या पत्र्याखाली तालमीचा जुना फळा टांगलेला. पूर्वी त्यावर कुस्तीच्या मैदानाची नाहीतर मयताची वेळ लिहायचे. चौतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाले आणि तो मागून घेतला. दर रविवारी सकाळी, त्या आठवड्यात मला नव्यानं कळलेलं काहीतरी सहा-सात ओळींत लिहिते. खाली जागा मोकळी ठेवते, डब्यात खडू ठेवते. ज्याला वाटेल त्यानं लिहावं. नियम एकच: पुसायचं ते फक्त स्वतःचं.

आता शोभेचं सांगते. २०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. तिथं ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ धोक्याची. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. सुतारवाड्यातली माणसं बाहेर काढलेली, हायवे बंद, सगळ्यांची डोकी तापलेली. माझंही तापलं. मी फळ्यावर लिहिलं, "राधानगरी धरणाचे दरवाजे रात्रीचे कोण उघडतं? लोक झोपेत असताना उघडणाऱ्याला विचारणारं कुणी आहे का?" वाक्य चांगलं झणझणीत उतरलं होतं. माना डोलावून लोक पुढं जात होते, आणि मला बरं वाटत होतं.

संध्याकाळी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक आण्णा छत्री टेकत आले. वाचलं. बोलले काहीच नाहीत. खडू घेऊन खाली लिहिलं, "कोणी उघडत नाही. स्वयंचलित आहेत." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, ते सात दरवाजे माणसाची वाट बघत नसतात. पाणी ठरलेल्या उंचीला टेकलं की त्याच्याच दाबानं उघडतात, उतरलं की मिटतात. आत्ता काय, रात्री काय."

शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण. मी सहली नेल्या होत्या तिथं! पोरांना रांगेत उभं करून त्याच दरवाजांपुढं फोटो काढलेत. "दरवाजे उघडले" असं पेपरात वाचून वाचून उघडणारा एक माणूस माझ्या डोक्यात कायमचा बसला होता, आणि वहीत लिहिलं असतं तर तो मरेपर्यंत तिथंच बसला असता. चौकात लिहिलं म्हणून एका संध्याकाळीत उठला. लाज वाटली का? वाटली. दोन दिवस मी इस्त्रीला कपडेसुद्धा मुलाच्या हातून पाठवले.

मग सरळ लिहिलं, "मागच्या रविवारी मी चुकले." आणि खाली दरवाजांची माहिती, एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी पडतं इथपर्यंत. त्याखाली सातवीतल्या पोराच्या अक्षरात: "बाई म्हणजे किती टँकर?"

चौतीस वर्षं मी वर्गात सांगत आले, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. पोरं पाठ करायची, मी मार्क द्यायची. ते डोळ्यांपुढं आणून बघावं हे मला कधी सुचलं नव्हतं. घरी येऊन हिशेब मांडला. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. एका दरवाजातून सेकंदाला चाळीस हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दर सेकंदाला चार टँकर, आणि असे सात दरवाजे. हे लिहिलं त्या दिवशी फळ्यापुढं गर्दी हटेना. आणि कुणीतरी खाली लिहून ठेवलं, "आमच्या गल्लीला चार दिवसांत एक." महापुरात उपसा केंद्रंच बुडाली होती, शहर पाण्यात आणि पिण्याचं पाणी टँकरवर. त्या एका ओळीवरनं टँकरचं वेळापत्रक लावा म्हणून बायका नगरसेवकाकडं गेल्या. मी गेले नव्हते, मी तोवर भागाकार तपासत होते.

अलमट्टी धरणाचं नाव निघालं की मात्र फळा पुरत नाही. पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेला मिळते, कृष्णा पुढं कर्नाटकात अलमट्टीला अडते. तिथं अडून मागं चढलेल्या पाण्याचा फुगवटा आपल्याला बुडवतो की नाही यावर पेठेत सख्खे भाऊ बोलायचे बंद झालेत. शेवटी मी फळ्याच्या मधोमध रेघ मारली. डावीकडं "माहीत आहे", उजवीकडं "वाटतं". डावीकडं एकानं ५१९.६० मीटर ही आजची पाणीसाठ्याची उंची लिहिली, दुसऱ्यानं ती ५२४ च्या वर न्यायचा घाट आहे तेही. "अलमट्टीमुळंच पूर" हे मात्र एक पैलवान डावीकडं लिहायचा आणि तिथं का हे लोक विचारायचे. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच पुसलं, उजवीकडं लिहिलं, आणि पुढं कंसात "(लई वाटतं)". भांडण मिटलं नाही. पण भांडण कशावर आहे ते दिसायला लागलं.

"कुणीही येऊन लिहिणार होय?" हेही एकदा झालं, पलीकडच्या वस्तीतल्या पोरानं लिहिलं तेव्हा. बोलणारे वडीलधारे होते, मी वाद घातला नाही. त्या रविवारी एवढंच लिहिलं: ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढलं, त्याला अडीच हजार रुपये आपल्या शाहू महाराजांनी दिले, आणि मार्चमध्ये माणगावच्या परिषदेला स्वतः गेले. नावातला 'मूक' कोण, ते लिहिलं नाही.

सून म्हणते, हे सगळं ग्रुपवर टाका, हात तरी दुखायचा नाही. टाकून बघितलं. तिथं सगळे अंगठे दाखवतात. फळ्यावर लिहायचं तर चपला घालून यावं लागतं, आणि चार जण बघत असताना आपल्या अक्षरात लिहावं लागतं. फेकाफेकी आपोआप कमी होते.

सध्या उजव्या बाजूला दोन महिने एकच ओळ आहे: "जयंती नाला आधी चांगला होता." डावीकडं न्यायची तर कुणाच्या तरी आजीला गाठून विचारायला हवं. तेवढ्यात जुलै लागला, पत्रा गळतोय, आणि "आधी" हा शब्द निम्मा धुऊन गेलाय. इस्त्रीवाला म्हणतो, बाई, गिरवून घ्या.